कट-ऑफ साडेतीन तासांचा, मग कमान सव्वातीन तासांतच का उतरते?

रस्त्यावरच्या शर्यती भरवणाऱ्या सर्व आयोजकांना,

स. न. वि. वि.

गेल्या मोसमातल्या एका अर्धमॅरेथॉनचा शेवटचा अर्धा किलोमीटर. वळण घेऊन मी सरळ रस्त्याला लागले, समोर फिनिशची हवा भरलेली निळी कमान दिसली, आणि बघता बघता ती खाली बसायला लागली. आधी मधोमध पोक आला, मग डावा खांब गुडघ्यात वाकला, मग सगळंच कापड रस्त्यावर लोळलं. दोन मुलं त्यावर बसून उरलेली हवा काढत होती. मी पोचले तेव्हा तिसरा मुलगा टायमिंगची मॅट सतरंजीसारखी गुंडाळत होता. बिबच्या, म्हणजे छातीवरच्या क्रमांकपट्टीच्या, मागे चिकटवलेली माझी वेळ नोंदवणारी चिप जागेवर होती, पण तिची नोंद घेणारं रस्त्यावर काही उरलं नव्हतं. शर्यत सुरू करणारी गन वाजल्यापासून ३ तास २१ मिनिटं झाली होती. प्रवेश-अर्जावर, वेबसाइटवर आणि बिबसोबत दिलेल्या माहितीपत्रकावर, तिन्ही ठिकाणी कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, छापली होती ३ तास ३० मिनिटं.

संध्याकाळी निकाल लागला. माझ्या नावापुढे डीएनएफ. म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही.

मी मेल केला. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं की तांत्रिक कारणामुळे काही धावकांची वेळ नोंदली गेलेली नाही. मॅट गुंडाळणं हे तांत्रिक कारण असेल, तर दुकानाचं शटर ओढणं हाही तांत्रिक बिघाडच म्हणायला हवा. त्या आयोजकांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांच्या एकट्यावर राग काढायचा असता तर पत्र त्यांनाच पाठवलं असतं. मागच्या रांगेतून धावणाऱ्या कुणालाही विचारा, ही गोष्ट त्याच्याकडेही असते. फक्त कमानीचा रंग वेगळा असतो.

माझं म्हणणं एकच आहे. कट-ऑफ तुम्ही ठरवता, तुम्ही छापता, आणि तो बघून आम्ही अर्ज भरतो. मग त्या वेळेपर्यंत शर्यत चालू ठेवा. सगळी शर्यत, म्हणजे नुसती कमान नव्हे. पाणी, डॉक्टर, रस्ता अडवणारे कठडे, घड्याळ, मॅट, सगळं.

थोडा हिशोब मांडते, म्हणजे तक्रार भावनेची वाटणार नाही. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. साडेतीन तासांत ती संपवायची तर सरासरी ९ मिनिटं ५७ सेकंदांना एक किलोमीटर कापावा लागतो. या वेगाने सतराव्या किलोमीटरला पोचायला २ तास ४९ मिनिटं लागतात. मी तिथे पोचले २ तास ४३ मिनिटांनी, तुमच्याच कट-ऑफच्या ६ मिनिटं पुढे. पाण्याचं टेबल उलटं करून त्याचे पाय दुमडायचं काम चाललं होतं. एक मुलगा ड्रमची तोटी उघडून उरलेलं पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडत होता. मी तोटीखाली ओंजळ धरली. प्यायले, तोंडावर मारलं, टोपी भिजवली. तो ओशाळला आणि म्हणाला, "मॅडम, आम्हाला फोन आला, सगळे गेले म्हणून."

माझ्या मागे तेव्हा निदान तीस जण होते.

त्या मुलाची चूक नाही. मी स्वतः एका वर्षी पाण्याच्या टेबलावर उभी राहिले आहे, तेव्हा ती बाजूही थोडी ठाऊक आहे. अंधार असताना पोचायचं, कागदी ग्लास अर्धे भरून मांडायचे, एक थर झाला की वर पुठ्ठा ठेवून दुसरा थर लावायचा. पहिले धावक येतात ते आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत. मग लोंढा येतो. हातातला ग्लास कुणी घेतं, कुणी उडवतं, दहा मिनिटांत बूट आतपर्यंत ओले. त्यानंतर गर्दी विरळ होते, ऊन वर येतं, पोटात कावळे ओरडायला लागतात, आणि कुणीतरी म्हणतं, आवरायला घ्यायचं का? गंमत म्हणजे थांबून पाणी पिणारे, रिकामा ग्लास आठवणीने पिशवीत टाकणारे, 'थँक यू, बाळा' म्हणणारे लोक त्याच्यानंतरच येतात.

तुमच्या अडचणी मला दिसतच नाहीत, असं नाही. रस्ता बंद ठेवायची परवानगी ठरावीक वेळेपुरती मिळते. वाहतूक पोलिसांची घाई असते. मंडप, ध्वनिक्षेपक, कमान, सगळं भाड्याचं, आणि त्या माणसांना दुसरीकडे जायचं असतं. मान्य. पण मग कट-ऑफ तीन तासांचा छापा ना! मी अर्ज भरणार नाही, किंवा अजून एक वर्ष सराव करून येईन. तीन तासांची शर्यत भरवणं यात कमीपणा काहीच नाही. साडेतीन तास छापून अर्ज गोळा करायचे आणि तीन तासांत आवरायला घ्यायचं, याला मात्र साध्या मराठीत फसवणूक म्हणतात. फी काही आम्ही हळू धावतो म्हणून कमी घेतलेली नसते.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही शर्यत तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. १९२१ पासून चालत आलेली, दर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधली, साधारण ९० किलोमीटरची. तिचा शेवटचा कट-ऑफ १२ तासांचा. वेळ संपत आली की एक अधिकारी येणाऱ्या धावकांकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे कोण किती जवळ आलंय हे त्याला दिसू नये, आणि बरोबर बारा तासांना गन झाडतो. रेषेच्या एक पाऊल अलीकडे असलेला माणूसही बाहेर. हा निष्ठुरपणा मला मनापासून आवडतो. कारण त्याची दुसरी बाजूही तेवढीच पक्की आहे. ११ तास ५९ मिनिटांनी येणाऱ्यासाठी स्टेडियम भरलेलं असतं, घड्याळ चालू असतं, रेषा जागेवर असते. आम्हाला सवलत नकोच आहे. साडेतीन तासांना एक सेकंद वर झाला तर खुशाल डीएनएफ लिहा, मी मेल करणार नाही. फक्त तोपर्यंत तुम्हीही पाठ फिरवून का होईना, तिथे उभे राहा.

दुसरं टोकही आहे. होनोलुलू मॅरेथॉन १९७३ पासून होते आणि तिला कट-ऑफच नाही. तेही चालतं, कारण तेही आधी सांगितलेलं असतं.

आता जरा आमच्याविषयी. 'मागचे लोक' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे टी-शर्टसाठी आलेली, सेल्फी काढत चालणारी मंडळी येतात. तशी असतात. पाच जण हातात हात घालून रस्ता अडवणारे, सराव शून्य आणि पहिल्याच किलोमीटरला उसेन बोल्ट होणारे, आपली ती जागा नसताना पुढच्या गटात घुसणारे. त्यांचा त्रास तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त होतो, त्यांना वळसा घालून आम्हालाच जावं लागतं. पण मागे धावणारा दुसरा एक मोठा वर्ग आहे, आणि त्याने या शर्यतीसाठी चार-साडेचार महिने दिलेले असतात.

माझंच सांगते. वय ५४. गुडघा एकदा दुखावलेला, आता बरा. अठरा आठवड्यांचा आराखडा, आठवड्यातून चार दिवस धावणं, एक दिवस ताकदीचे व्यायाम. चारातले तीन दिवस इतक्या सावकाश धावायचं की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटलं की वेग जास्त झाला. एक दिवस टेम्पो किंवा इंटरव्हल, म्हणजे वेगाचा सराव. रविवारी लाँग रन, दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत, तीन आठवड्यांनी एकदा कमी करत. शेवटच्या दोन आठवड्यांत टेपरिंग, म्हणजे धावणं मुद्दाम घटवायचं, आणि तेव्हा पाय इतके शिवशिवतात की घरच्यांना आपला कंटाळा येतो. हे सगळं वेगवान धावकही करतो. फरक एवढाच की १८ किलोमीटरचा लाँग रन तो दीड तासात उरकून घरी जाऊन झोपतो, मला त्याला पावणेतीन तास लागतात. सरावाच्या तक्त्यात दोघांचे किलोमीटर सारखेच दिसतात, रस्त्यावर काढलेले तास दिसत नाहीत.

पावलांचंही तसंच. मिनिटाला साधारण १६० पावलं हा माझा कॅडन्स. स्टार्टची रेषा ओलांडल्यापासून ३ तास ९ मिनिटं, म्हणजे तीस हजारांच्या वर पावलं. जिंकणारा मिनिटाला १८०-१८५ पावलं टाकतो, पण तासाभरात मोकळा होतो. त्याची पावलं भरतात अकरा हजारांच्या आसपास. तो असामान्य आहे, त्याबद्दल वाद नाही. २०२३ मध्ये केनियाच्या केल्व्हिन किप्टमने शिकागोत पूर्ण मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत संपवली, तेव्हा ती चित्रफीत मी तीनदा पाहिली. पण त्या वेगाच्या माणसांसाठी दुसऱ्या टेबलानंतरचा ड्रम कुणी रिकामा करत नाही.

ही शर्यत आता कुणाच्या जिवावर उभी आहे, तेही बघा. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पहिली मॅरेथॉन झाली, तेव्हा अंतर ४० किलोमीटरच्या आसपास होतं आणि धावायला १७ जण उभे होते. १९७० च्या पहिल्या न्यूयॉर्क मॅरेथॉनला १२७ जण सुटले, पोचले ५५. त्याच शर्यतीत आज पन्नास हजारांवर लोक पोचतात. मधल्या काळात अतिवेगवान माणसांची संख्या काही हजारो पटींनी वाढलेली नाही. वाढलो ते आम्ही. प्रायोजकाला तुम्ही सहभागाचा जो आकडा दाखवता, त्यात आमचीच भरती जास्त असते.

पाण्याच्या मुद्द्यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण इथे प्रश्न मानापमानाच्या पलीकडे जातो.

पहाटे सुटलेल्या शर्यतीत पुढचे धावक थंडाव्यात संपवतात. शेवटचे पाच-सहा किलोमीटर उन्हात कुणाचे जातात? आमचे. म्हणजे पाणी, बर्फ आणि सावली यांची गरज जसजशी वाढत जाते तसतशी तुमची टेबलं कमी होत जातात. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, दिशा चुकतो, कोसळतो. त्यावरचा उपाय क्रीडावैद्यकात ठरलेला आहे: आधी जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवून अंग गार करायचं, रुग्णालयात न्यायचं ते त्यानंतर. त्यासाठी टब लागतो, बर्फ लागतो आणि आतलं तापमान मोजता येईल असा थर्मामीटर लागतो. कपाळासमोर धरायचा थर्मामीटर इथे भरवशाचा नाही. आता मला सांगा, तो टब साधारण किती वाजता टेंपोत चढतो?

याची उलट बाजूही आहे, आणि ती तुमच्या निवेदकांना माहीत नसते. ते माइकवरून ओरडत असतात, प्रत्येक पॉइंटवर पाणी प्या, तहान नसली तरी प्या! २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावकांचं रक्त तपासलं गेलं, त्याचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा कमी झालेलं होतं. ज्यांचं वजन धावताना वाढलं, म्हणजे घामातून गेलं त्यापेक्षा जास्त पाणी ज्यांनी पोटात घातलं, आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला, त्यांना हा धोका ठळकपणे जास्त होता. वेगवान माणसाला इतकं पाणी प्यायला सवडच नसते. सावकाश जाणारा प्रत्येक टेबलावर थांबतो आणि मन लावून पितो. सोडियम फार उतरलं की मेंदूला सूज येते. असा माणूस गोंधळलेला दिसतो, उलट्या करतो, आणि त्याला बघून कुणीतरी म्हणतं, पाणी कमी पडलं, सलाइन लावा! अशा वेळी साधं सलाइन डोळे झाकून चढवलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते.

तेव्हा शेवटपर्यंत पाणी ठेवा असं मी म्हणते, ते भरभरून पाजा या अर्थाने नाही. पाणी असू दे, तहान लागली की प्या, हे माइकवरून सांगा, आणि वैद्यकीय तंबूत सोडियम मोजायचं छोटं यंत्र ठेवा. पुढे पाणी मिळणार आहे याची खात्री असली की माणूस एका टेबलावर चार ग्लास रिचवत नाही. मी त्या दिवशी सतराव्या किलोमीटरला ओंजळीने घटाघटा प्यायले, कारण पुढचं टेबल असेल याचा भरवसा उरला नव्हता. नव्हतंच ते.

हृदयाचंही बोलते, कारण शर्यतीत कुणी दगावलं की आठवडाभर बातम्या होतात आणि मग सगळे विसरतात. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात ५९ जणांचं हृदय धावताना किंवा धावून झाल्यावर लगेच बंद पडलं, ४२ जण गेले. म्हणजे धोका कमी आहे, घाबरण्यासारखा नाही. पण जे वाचले ते कशामुळे, यात एक गोष्ट वर आली: जवळ असलेल्या कुणीतरी तत्काळ छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. जवळ कुणीतरी असणं, एवढंच. सतराव्या किलोमीटरवरून माणसं उठवली की तिथे ते कुणीतरी उरत नाही. गटाराजवळ ओला ड्रम तेवढा पडलेला असतो.

गन टाइम (गन वाजल्यापासूनची वेळ) आणि चिप टाइम (स्वतः स्टार्टची रेषा ओलांडल्यापासूनची वेळ) यांचा घोळही एकदा मिटवा. क्रमांक आणि विक्रम गन टाइमवर ठरतात, नियमच तसा आहे आणि तो योग्य आहे; जो आधी पोचला तो जिंकला, यात दुमत कशाला. पण कट-ऑफचं काय? त्या दिवशी गन वाजली तेव्हा मी स्टार्टपासून इतकी मागे होते की रेषा ओलांडायलाच १२ मिनिटं लागली. साडेतीन तासांतून १२ मिनिटं गेली की उरतात ३ तास १८ मिनिटं, आणि आवश्यक वेग किलोमीटरला ९:५७ वरून ९:२३ वर येतो. अर्जात ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते. एक तर शेवटच्या माणसाने स्टार्टची रेषा ओलांडल्यापासून कट-ऑफ मोजा, नाही तर 'कट-ऑफ गन टाइमनुसार' असं स्पष्ट छापा. काहीही चालेल, पण कळू द्या. सरावात आम्ही सेकंदांचा हिशोब ठेवतो.

इथे एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने उभी राहते. शर्यत संपल्यावर लोक मनगट दाखवत तुमच्या अंगावर येतात, 'तुमचा मार्ग ३०० मीटर लांब आहे!' अहो, प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून, सर्वांत जवळच्या रेषेने, वळणांवर कडेला जवळजवळ घासून मोजतात, आणि वर दर किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे मार्ग चुकूनही आखूड पडू नये. पूर्ण मॅरेथॉनमध्ये ते ४२ मीटर होतात. बाकीचे मीटर हे आपण वळणांवर बाहेरून पळाल्याचे आणि मनगटावरच्या घड्याळाच्या अंदाजाचे. तर हा आरोप खोटा. पण तुम्ही कठडे लवकर उचलता, रस्ता गाड्यांना मोकळा होतो, आणि मग आम्हाला फुटपाथवर चढत, उतरत, रिक्षा आणि कुत्री चुकवत धावावं लागतं, तेव्हा आम्ही जे जास्तीचं धावतो त्याची मोजणी कुठल्या सायकलने केली आहे?

आणि ती स्वीपर बस. मागे राहिलेल्यांना गोळा करणारी बस हवीच, ज्याला चक्कर येतेय त्याच्यासाठी ती देवासारखी. पण ती कट-ऑफच्या वेगाने मागून यायला हवी. त्या दिवशीची बस माझ्या शेजारून दीड किलोमीटर पहिल्या गिअरमध्ये घरघरत होती, धूर माझ्या तोंडावर. क्लीनर दारातून वाकून सांगत होता, "बसा ना काकू, कशाला त्रास घेता?" मी वेळेच्या आत होते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी हसून हात केला. बाराव्यांदा हात करताना हसू आलं नाही.

हे फक्त लहान शर्यतींतच घडतं असंही नाही. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये साडेसात तासांच्या पेसरसोबत, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या वेगाने धावून इतरांना सोबत नेणाऱ्या धावकासोबत, चाललेल्या धावकांना सफाईवाल्यांनी आणि कंत्राटदारांच्या माणसांनी टोमणे मारले, ते धावत असतानाच भोवती रस्ता धुवायला घेतला. बोभाटा झाला, आयोजकांनी माफी मागितली. एवढी मोठी शर्यत चुकली आणि चुकलो म्हणाली. मला आलेल्या दोन ओळींत तो शब्द नव्हता.

पार्करन ही दर आठवड्याची मोफत ५ किलोमीटरची धाव २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावकांसह सुरू झाली. तिथे एका स्वयंसेवकाचं कामच असतं सर्वांत मागे चालायचं. त्याच्या आधी सगळे पोचतात, शेवटचा क्रमांक नेहमी त्याचा. पदरचं काही खर्च न करता उचलता येईल अशी ही युक्ती आहे. मागे चालणारा तो माणूस जोवर एखाद्या टेबलापाशी पोचत नाही, तोवर ते टेबल उठवायचं नाही, इतका साधा नियम केलात तरी 'सगळे गेले' असा फोन कुणाला करावा लागणार नाही. तुमच्याकडे साडेतीन तासांचा पेसर ठेवायची पद्धत असेल तर आणखी चांगलं. दोन तासांचा, सव्वादोनचा, अडीचचा, असे झेंडे घेतलेले पेसर तुम्ही नेमता, त्यांचे फोटो टाकता. मग शेवटच्या वेळेचा झेंडा द्यायला काठी कमी पडते का?

निवेदकांचा विषय निघालाच आहे. सकाळी स्टार्टला ते हमखास १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकची गोष्ट सांगतात. टांझानियाचा जॉन स्टीफन अख्वारी वाटेत पडला, गुडघ्याला मार बसला, पट्टी बांधून लंगडत तो ३ तास २५ मिनिटांनी, सर्वांत शेवटी पोचला, विजेता येऊन तास उलटून गेल्यावर. लोक टाळ्या वाजवतात, माझ्याही अंगावर काटा येतो. आणि हाच निवेदक, अख्वारीचा लहान भाऊ शोभेल असा कुणी लंगडत तुमच्या फिनिशला येतो तेव्हा माइकची वायर गुंडाळत असतो. ती गोष्ट सांगायची असेल तर फिनिशला सांगा, कट-ऑफला दहा मिनिटं उरलेली असताना. ऐकणारे समोरून येत असतील.

मला स्वतःला त्यापेक्षा शिझो कानाकुरीची गोष्ट जास्त जवळची. जपानचा हा धावक १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये उन्हाने हैराण होऊन मध्येच थांबला, वाटेवरच्या एका घराच्या बागेत त्याला काहीतरी थंड प्यायला मिळालं, आणि कुणाला न सांगता तो मायदेशी निघून गेला. स्वीडनच्या दफ्तरी तो कितीतरी वर्षं बेपत्ता. १९६७ साली स्वीडनने त्याला शर्यत पूर्ण करायला बोलावलं. पंच्याहत्तर वर्षांचा कानाकुरी आला, त्याने अंतिम रेषा ओलांडली. वेळ नोंदवली गेली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २०.३ सेकंद. शेवटचे तीन दशांश सेकंदही त्यांनी सोडले नाहीत.

त्या मानाने मी ९ मिनिटं मागते आहे.

पुढच्या मोसमाचे अर्ज आता निघतील. मी भरणार आहे, आमच्या सकाळच्या गटातल्या सहा बायकाही भरणार आहेत, त्यातल्या दोघींची पहिलीच अर्धमॅरेथॉन. त्यांना मी वेग शिकवते, बुटांची लेस कशी बांधायची ते शिकवते, अंगावर नवा कपडा शर्यतीच्या दिवशी घालू नका म्हणून दहादा बजावते. सोबत स्वतःची पाण्याची बाटली बाळगा, पुढे पाणी असेलच असं नाही, हेही शिकवावं लागतं आहे. अर्जावर कट-ऑफच्या खाली एक ओळ वाढवा: या वेळेपर्यंत मार्ग, पाणी, वैद्यकीय मदत आणि वेळेची नोंद चालू राहील. खाली जबाबदार माणसाची सही. आमच्याकडून तुम्ही 'काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत' या मजकुराखाली सही घेताच, तर एक तुमचीही होऊ दे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
३ तास २१ मिनिटं (डीएनएफ)

ता. क. सतराव्या किलोमीटरवरच्या त्या मुलाविषयी लिहायचं राहिलं. थोडं पुढे जाऊन मी मागे वळून पाहिलं, तर त्याने तोटी बंद केली होती आणि उरलेल्या पाण्याचा ड्रम रस्त्याच्या कडेला उभा करून, टेंपोवाल्याच्या हाका न ऐकल्यासारखं करत, तो रस्त्याकडे बघत थांबला होता. हिरवी टोपी, उजव्या हाताला काळा धागा. तुमच्या यादीत सापडला तर पुढच्या वर्षीही त्याला तिथेच उभा करा.